आगाऊ भरलेलं जेवण आणि न मिळणारा खाडा

मगाशी दारातच एका काकांनी विचारलं, "जेवणाच्या कूपनावर व्याख्यान? आता तेवढंच राहिलं होतं!" काका, हसू नका. पाच माणसांचं कुटुंब सुट्टीत एका दिवसासाठी मनोरंजन उद्यानात जातं, तेव्हा दोन-तीन हजारांचा हा निर्णय घरातलं कुणीतरी रात्री अकरा वाजता मोबाइलवर तिकिटं काढताना अर्ध्या मिनिटात घेऊन टाकतं. 'जेवणासह तिकीट घ्या, बचत करा' असं खाली लिहिलेलं असतं, आणि बोट आपोआप तिथं जातं. आमचंही गेलं होतं.

त्याची गोष्ट आधी सांगतो. उद्यान राज्याबाहेरचं होतं, नाव घेत नाही, वर्षंही बरीच झाली. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आमची आई. आईला मधुमेह, गोळ्या सुरू. पाचही जणांचं जेवण आगाऊ घेतलेलं होतं. आत गेल्यावर कळलं की कूपन चालतं एकाच भोजनगृहात, आणि ते अगदी पलीकडच्या टोकाला. पाळण्यांच्या रांगांत साडेबारा झाले. आई म्हणाली, "काहीतरी खाऊन घेऊ या का?" समोरच इडलीचं दुकान होतं. आणि आम्ही काय म्हणालो? "अगं, जेवणाचे पैसे भरलेत ना! आता पंधरा मिनिटांत जेवायलाच जातोय." त्या पंधरा मिनिटांची पाऊण तास झाली, कारण तिथंही रांग. रांगेत आईचा हात थरथरायला लागला, कपाळावर घाम आला. मागच्या एका अनोळखी बाईंनी पर्समधून चिक्की काढून दिली म्हणून निभावलं. धाकट्यानं तोवर मक्याच्या लाह्या खाल्लेल्या, त्यानं ताटाला हातही लावला नाही.

आता हिशेब बघा. आम्ही इडलीचे साठ-सत्तर रुपये वाचवत नव्हतो. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत, एवढंच डोक्यात होतं. एरवी आईला भूक लागली म्हटल्यावर दुसरा विचारही न करणारी माणसं आम्ही. त्या दिवशी कूपनानं आमच्या जागी विचार केला.

हे फक्त आमच्याच डोक्याचं वैगुण्य नाही बरं का. अमेरिकेत हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाटकांच्या संपूर्ण हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण दरात तिकीट दिलं, काहींना, कोण ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, सवलतीत. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. म्हणजे पैसा खिशातून गेलेला असतो, परत येणार नसतो, तरी तो आपल्याला ओढत राहतो.

बरं, मग लोक आगाऊ का भरतात? मूर्ख असतात म्हणून? अजिबात नाही. ठरलेल्या एकरकमी दराचं माणसाला आकर्षण का वाटतं यावर आन्या लाम्ब्रेख्त आणि बेर्न्ट स्किएरा यांनी 2006 मध्ये इंटरनेटच्या ग्राहकांचा अभ्यास मांडला. वापराप्रमाणे पैसे देणं स्वस्त पडत असतानाही पुष्कळ लोक ठोक दर घेतात. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एकाचं नाव फार बोलकं आहे: टॅक्सीच्या मीटरचा परिणाम. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसून मीटरकडे बघत मरीन ड्राइव्ह पाहिलाय कधी? समुद्र दिसतच नाही. तसंच उद्यानात. मुलगा म्हणतो आइस्क्रीम, आपण आधी पाटीवरचा दर वाचतो, मग मुलाकडे बघतो. एकदाच भरून टाकलं की ही कटकट संपते, आणि या निवांतपणालाही किंमत आहे. ती किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आम्ही माणशी पन्नास रुपये धरतो, तुम्ही शंभर धरा. पण आकडा धरा; नुसतं 'बरं पडतं' म्हणू नका.

आता आपल्याकडची एक जुनी गोष्ट. आगाऊ जेवणाचा हा प्रकार परदेशातून आला असं आपण समजतो, पण जेवणाच्या पैशांची बोलणी महाराष्ट्राला नवीन नाहीत. गिरणगावात खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालायच्या आणि पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर धान्य उधारीनं, प्रसंगी सावकाराकडून कर्ज काढून. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते यातूनच. म्हणजे तिथं जेवणारा नंतर पैसे देत होता आणि सगळी जोखीम रांधणारीच्या डोक्यावर होती.

पुढं आली विद्यार्थ्यांची मेस. तिथं महिन्याचे पैसे आधी. पण एक शब्द होता, तुमच्यातल्या किती जणांना आठवतो बघू: खाडा! (श्रोत्यांतून हशा.) बघा, आठवला. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी मेसच्या काकूंना सांगायचं, "काकू, दोन दिवस खाडा धरा." महिनाअखेरीला तेवढे पैसे कापले जायचे किंवा पुढच्या महिन्यात वळते व्हायचे. काही काकू सलग दोन दिवसांशिवाय खाडा धरत नसत, त्यावरून भांडणंही होत. पण तत्त्व काय होतं? न जेवलेल्या जेवणाचा भार दोघांनी वाटून घ्यायचा.

उद्यानाच्या कूपनात खाडा नसतो. आजच्या विषयाची गोम इथं आहे. धाकटा जेवला नाही, त्याचा तोटा तुमचा. पाऊस आला आणि लवकर निघालात, तुमचा. आईला पथ्य आहे, तुमचा. ही सगळी जोखीम तुम्ही घेताय, तर त्याबद्दल सूट किती मिळते, एवढाच प्रश्न विचारायचा.

त्याची रीत सोपी आहे. आकडे मनचे घेतोय, कुठल्याही उद्यानाचे नव्हेत. समजा, कूपन 600 रुपयांचं. त्यात एक जेवण, एक नाश्त्याचा पदार्थ, एक थंड पेय. तेच सुटं घेतलं तर जेवण 400, नाश्ता 150, पेय 100, एकूण 650. जाहिरात म्हणेल, पन्नास रुपये वाचले. खरं आहे. पण आता 600 ला 650 नं भागा. येतात 0.92. याचा अर्थ, कूपनातल्या मालापैकी 92 टक्के किमतीचा माल पोटात गेला तरच तुम्ही बरोबरीत. एक पेय राहून गेलं की 550 रुपयांचं खाल्लं आणि 600 भरले. पन्नासची बचत गेली आणि वर पन्नासचा खड्डा.

आता घर डोळ्यांसमोर आणा. बाबा सगळं खातात, 650. आई नाश्ता करत नाही. जेवण आणि पेय, 500. चौदा वर्षांचा मुलगा, त्याच्याबद्दल बोलायलाच नको, 650. सहा वर्षांची मुलगी आईच्या ताटात चार घास खाईल आणि स्वतंत्र घेईल एक नाश्ता, एक पेय, 250. आजी फक्त जेवेल, 400. बेरीज 2450. पाच कूपनं घेतली असती तर 3000. सरळ साडेपाचशे जास्त. मात्र बाबा आणि मोठा, या दोघांचीच कूपनं घेतली तर 1200 अधिक बाकीच्यांचे 1150, म्हणजे 2350. सगळ्यांत स्वस्त हेच. तेव्हा 'कूपन घ्यावं का' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. कोणासाठी घ्यावं, हे विचारा. आणि तिकिटाच्या पानावर 'सर्वांसाठी किंवा कोणासाठीच नाही' एवढेच दोन पर्याय असतील, तर कुटुंबात लहान मूल किंवा वयस्क माणूस असणाऱ्यांनी सहसा 'कोणासाठीच नाही' घ्यावं, असं आमचं मत.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डची भोजन योजना आहे, तिथं नेमकं हेच घडतं. ती 2005 मध्ये सुरू झाली, 2020 मध्ये बंद पडली आणि जानेवारी 2024 पासून पुन्हा आली. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी ती आहे, मुक्कामाच्या रात्री मोजून जेवणं मिळतात, आणि एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना ती एकत्रच घ्यावी लागते. आपली कितीतरी मंडळी मुलांकडे तिकडे जातात. त्या योजनेत 21 वर्षांवरच्या माणसाच्या पेयात मद्यही बसतं. म्हणजे साताऱ्याहून गेलेल्या आमच्या माळकरी काकांना मांसाहार नको, बिअर नको; ते कोशिंबिरीचं ताट आणि लिंबाचं सरबत घेणार, आणि दर मात्र शेजारच्या टेबलावरच्या माणसाइतकाच. शाकाहारी माणसानं कुठलीही ठोक योजना घेताना हे लक्षात ठेवावं. आणि हो, कालनिर्णय बघून तारीख ठरवा. संकष्टीला पाच कूपनं घेऊन गेलेलं कुटुंब आमच्या माहितीत आहे!

आता आपल्या पनवेलकरांचं वेगळं गणित. आपल्या जवळचं मोठं उद्यान म्हणजे खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका, 2013 मध्ये सुरू झालेलं. द्रुतगती मार्गानं जा नाहीतर पळस्पे, चौक, खालापूर असं जुन्या रस्त्यानं. साधारण तासाभराचा प्रवास. अशा उद्यानांत तिकिटाला जेवण जोडण्याच्या योजना वेगवेगळ्या नावांनी येतात-जातात, दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून दर सांगत नाही. पण तासाचं अंतर हीच तुमची मोठी सवलत आहे. सकाळी घरून पोहे किंवा थालीपीठ खाऊन निघता येतं, रात्री घरी येऊन पिठलं-भात. आत राहतं एकच जेवण आणि एक चहा. दिवसभर खाण्याची योजना कोल्हापूरहून रात्रीच्या बसनं आलेल्या माणसाला परवडेल. त्याचा सकाळचा नाश्ताही बाहेरच व्हायचा असतो. पनवेलच्या माणसानं ती घेणं म्हणजे घरून जेवून लग्नाला जाण्यासारखं.

"मग डबाच नेतो की!" असं कुणीतरी म्हणणारच. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, ही बहुतेक ठिकाणची अट. यावर लोक चित्रपटगृहांच्या निकालाचा दाखला देतात, तर तो नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं 3 जानेवारी 2023 रोजी सांगितलं की चित्रपटगृहाचा मालक बाहेरचे पदार्थ आणायला मनाई करू शकतो. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत उपलब्ध हवं आणि तान्ह्या बाळासाठी पालकांनी आणलेलं खाणं अडवू नये. निकाल चित्रपटगृहांबद्दल आहे, उद्यानांबद्दल नाही. त्यामुळे दारावर वाद घालण्यापेक्षा आधी फोन करा. फोनवर आम्ही काय विचारतो? कूपन किती ठिकाणी चालतं आणि किती ते किती वाजेपर्यंत. दरात कर धरला आहे का. बाहेर येऊन पुन्हा आत जाऊ देतात का. देत असतील तर गाडीत डबा ठेवता येतो. ज्या मुलाला उंचीमुळे तिकीट लागत नाही, त्याला ताट लागतं का. आणि मधुमेही माणसाला बरोबर थोडं खाणं ठेवता येईल का, हे तर हमखास. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवतो. चिठ्ठी एकदाही कुणी मागितली नाही, पण आम्ही ठेवतो.

वेळेचंही बघा. तिकीट समजा 1400 रुपयांचं आणि आत सात तास. तासाला माणशी 200 रुपये पडले. कूपनवाल्या एकाच भोजनगृहासाठी अर्धा तास जास्त गेला, तर पाच जणांचे 500 रुपये तिथंच उडाले. उलटही होतं. काही ठिकाणी कूपनवाल्यांची रांग वेगळी असते आणि पटपट सरकते. तिथं कूपन वेळ वाचवतं. गर्दीच्या रविवारी तेवढ्यासाठीच घेतलं तरी आम्ही नाव ठेवणार नाही.

शेवटी एक प्रश्न आलाय, शाळेच्या सहलीचा. बाईंनी विचारलंय, दीडशे मुलं न्यायची आहेत, जेवण आगाऊ घ्यावं का. बाई, तुम्ही घ्याच. दीडशे मुलांच्या हातात सुटे पैसे देऊन दुपारी हिशेब कोण करणार? शिवाय सगळी मुलं एकाच वयाची, एकाच वेळी जेवणारी, त्यामुळे वाया जाणाऱ्याचा अंदाज बांधता येतो. फक्त एक गोष्ट लेखी घ्या: मुलांचा अंतिम आकडा किती दिवस आधी कळवायचा आणि ऐन वेळी दहा मुलं तापानं आली नाहीत तर त्यांच्या ताटांचे पैसे वळते होणार का. मोठी संख्या असली की ते ऐकतात. म्हणजे तुमच्यासाठी खाडा धरतात, बाई, आमच्यासाठी नाही.