दुसऱ्यांदा बटण दाबलं की सुरू होतो

“मॅडम, सकाळी पहिल्यांदा सुरूच होत नाही. दुसऱ्यांदा बटण दाबलं की दिवसभर नीट चालतो.” केसपेपरच्या खिडकीवरच्या ताई सांगत होत्या. तक्रार कॉम्प्युटरची, पण मला ती ओळखीची वाटली. सकाळी सांधे आखडतात आणि नंतर मोकळे होतात, असं सांगणारे पेशंट रोज येतात. मोकळं व्हायला किती वेळ लागतो, हा माझा त्यांना पहिला प्रश्न. अर्ध्या तासाच्या आत असेल तर बहुधा झीज. तासाहून जास्त लागत असेल तर सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताची तपासणी करावी लागते.

ताईंनाही तसंच विचारलं. पंखा फिरतो? फिरतो, पण स्क्रीन काळी. बीप वाजतो? नाही. दुपारी बंद करून लगेच चालू केला तर? “तेव्हा एका झटक्यात होतो.” म्हणजे त्रास फक्त रात्रभर गार पडलेल्या यंत्राला.

इथे पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे मागच्या बाजूला वायर खोचतो त्या डब्यावर. तो घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. हे सगळे दाब स्थिर झाले की ‘ठीक आहे’ असा संकेत मदरबोर्डला जातो, आणि मगच प्रोसेसर काम सुरू करतो. दाब स्थिर ठेवतात ते कपॅसिटर. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो. सुकलेला कपॅसिटर गार असताना जास्तच अडतो. पहिल्या प्रयत्नात थोडा तापतो आणि दुसऱ्यात निभावून नेतो. हे बरं होणं नव्हे. काही महिन्यांनी तीनदा दाबावं लागेल, मग एके दिवशी काहीच होणार नाही.

दुसरा संशयित रॅम. आमच्या भाईंदरला एका अंगाला खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, शिवाय मिठागरं. खारट दमट हवेत रॅमचे संपर्कबिंदू खराब होतात. वायर काढून, रॅम बाहेर घेऊन, पुसून परत घट्ट बसवणं हा स्वस्तातला उपाय आधी करून बघावा. आम्ही केला, फरक पडला नाही.

त्याआधी मात्र एक काम केलं. यंत्र चालू होतं तोवर सगळ्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवल्या. पेशंट बोलतोय तोवर हिस्ट्री घ्यावी, तसं.

दुरुस्तीवाला आला भर दुपारी. बटण दाबलं, सुरू झालं; काही बिघाड नाही म्हणाला. दवाखान्यात आल्यावर दुखणं थांबणारे पेशंट मला नवे नाहीत. त्याला म्हटलं, उद्या सकाळी आठला ये, आणि चांगला चालणारा एसएमपीएस घेऊन ये. हा डबा घरी उघडायचा प्रयत्न कोणी करू नये. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ राहू शकतो.

नवा डबा लावला, ताईंनी बटण दाबलं, एकदाच. स्क्रीन उजळली, पण तारीख कित्येक वर्षं मागची! एका पेशंटला दोन आजार असतात तसं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. रात्री मेन स्विच बंद झाला की घड्याळ त्या सेलवरच चालतं. तारीख चुकली की आधीचा रिपोर्ट कुठला, नंतरचा कुठला, हेच कळत नाही. आणि साखर वाढतेय की उतरतेय हे मी त्या तारखांवरूनच ठरवते.

सेलचा नंबर सीआर २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. घरी बदललात तर जुना टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. संपलेल्या सेलनेसुद्धा. उलटी करवू नका, शौचावाटे पडेल म्हणून वाट बघू नका. थेट एक्स-रेची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा.

आमचा जुना सेल ताईंनी चिकटपट्टीत गुंडाळून कपाटात बंद केला. नवीन आणायला शिपाई स्टेशनकडे गेला, आणि तोवर केसपेपरवर तारखा पेनने घातल्या.