बांध तेवढाच, शेत कमी

लातूर-नांदेडकडे शेताची वाटणी झाली की बहुधा लांब पट्ट्या पडतात. प्रत्येक भावाला रस्ता हवा, विहिरीची वाट हवी. सातबाऱ्यावर हिस्से सारखे असतात, पण जमिनीचा आकार बदलला की तिच्यावरचा खर्चही बदलतो. तो सातबाऱ्यावर दिसत नाही.

एक एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. हे रान चौरस असेल तर एक बाजू सुमारे 209 फूट आणि भोवतीचा बांध 835 फूट भरतो. तेच एकर 66 फूट रुंद, 660 फूट लांब पट्टीत असेल, तर क्षेत्रफळ तेवढेच राहते आणि परिमिती 1,452 फुटांवर जाते. रानडुकरांपासून पीक राखायला कुंपण घालायचे तर तार पावणेदोन पट लागते, खांबही तितकेच वाढतात. बांधाच्या कडेने दोन फूट जागा पेरणीविना सुटते असे धरा. चौरसात दीड गुंठा जातो, पट्टीत अडीच गुंठ्यांहून जास्त. दर हंगामाला, दर पिढीला.

आता तार ठरलेली घ्या, 800 फूट. 200 बाय 200 केले तर आत 40,000 चौरस फूट येतात. 300 बाय 100 केले तर 30,000, आणि 350 बाय 50 मध्ये फक्त 17,500. लांबी-रुंदीची बेरीज प्रत्येक वेळी 400 आहे, घटतो तो गुणाकार. एक बाजू 200 पेक्षा जितकी वाढवाल तितकी दुसरी घटते, आणि त्या फरकाचा वर्ग क्षेत्रफळातून वजा होतो. म्हणून पहिले दहा-वीस फूट फारसे जाणवत नाहीत, पुढे मात्र जमीन झपाट्याने आटते. त्याच तारेचे वर्तुळ केले तर आत जवळपास 51,000 चौरस फूट मावतात. याहून जास्त कुठल्याच आकारात मावत नाहीत. गोल आखणी कशी दिसते हे लातूरकरांना सांगायला नको, 16 रस्ते येऊन मिळणारी गंजगोलाई त्यांच्यासमोर 1917 पासून उभी आहे.

या विषयाशी लातूरचे नाते त्याहून फार जुने आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजेच लातूर असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, इ. स. 850 च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. ज्याची परिमिती आणि क्षेत्रफळ संख्येने सारखे येतात असा आयत शोधा, अशा धर्तीची उदाहरणे त्यात आहेत. 4 बाय 4 चा चौरस घेऊन पाहा, दोन्हीकडे 16 येतात. 3 बाय 6 मध्ये 18. मुलांना हे जरूर करायला द्यावे आणि लगेच विचारावे, एक 16 फूट आणि दुसरे 16 चौरस फूट सारखे कसे?

महावीराचार्यांनी क्षेत्रफळाच्या रीती दोन प्रकारच्या दिल्या: व्यवहारापुरत्या स्थूल आणि सूक्ष्म. चौकोनासाठी स्थूल रीत अशी, की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. ही रीत आजही गावोगाव वापरली जाते आणि प्लॉटच्या व्यवहारात तीच महागात पडते. चौकोन काटकोनी असेल तरच तिचे उत्तर बरोबर येते, एरवी ते नेहमी जास्तच येते.

30 बाय 40 चा प्लॉट 1,200 चौरस फुटांचा. तो तिरका होऊन कोपरा 70 अंशांचा झाला, तर चारही बाजू टेपवर 30 आणि 40 च भरतात, परिमिती 140 फूटच राहते, आणि जागा 1,128 चौरस फूट उरते. 72 चौरस फूट गेले, म्हणजे एक लहान खोली गेली. कर्णांवर मात्र हे लगेच दिसते: काटकोनी प्लॉटचे दोन्ही कर्ण 50 फूट, या तिरक्या प्लॉटचा एक 41 आणि दुसरा साडेसत्तावन्न.

तेव्हा विसार देण्याआधी टेप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत लावा, दोन्ही बाजूंनी. दोन आकडे जुळले नाहीत तर आधी सरकारी मोजणी मागवा, पैसे नंतर द्या.