ओझं चाकांना, वारा पाठीला

सकाळच्या वेळी वसई-विरारच्या कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभं राहा. दूधवाल्याचे कॅन कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकलेले असतात. पाववाल्याचं भलंमोठं गाठोडं मागे बांधलेलं असतं. गॅसवाल्याचे सिलिंडर लोखंडी आकड्यांना अडकवलेले असतात, एकेकात १४.२ किलो गॅस, टाकीचं वजन वेगळंच. ही रोज सायकलवर पोट असलेली माणसं. यांतला एकही जण ओझं पाठीवर घेत नाही. लांबच्या सायकल सहलीला निघालेला हौशी माणूस मात्र दुकानात शिरल्या शिरल्या विचारतो, "चांगली सॅक दाखवा."

यात शहाणं कोण, हे ठरवायला थोडं पदार्थविज्ञान लागतं, आणि ते फार गमतीचं आहे.

पाठीवरच्या ओझ्यामुळे चढावर दम लागेल, ही पहिली भीती. ती हिशेबाने तपासू. वसई समुद्रसपाटीला आणि इगतपुरी साधारण ६०० मीटर उंचीवर. पाच किलोची सॅक तिथवर चढवायला लागणारं निव्वळ काम होतं सुमारे २९,००० ज्यूल, म्हणजे जेमतेम ७ किलोकॅलरी. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातली साधारण पाव ऊर्जाच पेडलपर्यंत पोचवतात, म्हणून चौपट धरू: तीसेक किलोकॅलरी. मध्यम आकाराच्या एका केळ्यात शंभरेक किलोकॅलरी असतात. कसारा घाट धरून एवढी सगळी चढण, आणि त्या पाच किलोंची किंमत एका केळ्याचा तिसरा हिस्सा! हे पाच किलो पाठीवर असोत की कॅरिअरवर, चढाचा हिशेब तोच राहतो.

मग दूधवाल्याचं काय चुकलं? काहीच नाही. कारण खरी अडचण वजनाची नाहीच, ती उष्णतेची आहे.

स्नायू पाव ऊर्जा कामाला लावतात, तर उरलेल्या पाऊण ऊर्जेचं काय होतं? तिची उष्णता होते. बऱ्यापैकी वेगात पेडल मारणारा माणूस सायकलला १०० वॅट देत असेल, तर त्याच्या शरीरात त्याच वेळी ३०० वॅट उष्णता तयार होत असते. ती बाहेर गेली नाही तर माणूस शिजेल. गरम हवेत तिला बाहेर काढायचा मुख्य मार्ग एकच, घाम. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शरीरातून जाते. म्हणजे ते ३०० वॅट निभवायला तासाला साधारण अर्धा लिटर घाम पुरतो. अट एवढीच की त्याची वाफ झाली पाहिजे. टपकून रस्त्यावर पडलेल्या थेंबाने शरीर जवळपास काहीच थंड होत नाही. तो फुकट गेलेला घाम.

वाफेची ही किमया वसईकरांना वेगळी सांगायला नको. इथली सुकेळी त्याच किमयेवर तयार होतात. राजेळी केळी सोलून उन्हात ठेवली की पाणी उडून जातं, गोडवा आणि ऊर्जा मागे राहते. केळ्याच्या वजनात पाऊण हिस्सा पाणीच असतं. म्हणून सुकेळी हलकी, टिकाऊ आणि भरपूर ताकदीची. लांबच्या सायकलस्वाराच्या खिशात याहून सोयीचा खाऊ सापडणं कठीण. पण ती वाळवायला कोरडं ऊन लागतं. पावसाळी दमट हवेत केळी वाळणार नाहीत, कारण हवाच पाण्याने भरलेली असते.

घामाचंही तेच होतं, आणि इथे एक चकित करणारी गोष्ट निघते. वाफ होण्याचा वेग ठरतो त्वचेजवळचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांच्यातल्या फरकावर. वसईत ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेली दुपार घ्या, आणि नाशिकची ३८ अंश, २० टक्के आर्द्रतेची. थर्मामीटर नाशिकला जास्त गरम म्हणतो, पण घाम सुकवणारा तो फरक नाशिकला वसईच्या दुप्पट भरतो! घाटावर मजेत चाललेली सॅक किनाऱ्यावर जीव नकोसा करते, ती यामुळे.

आता सॅक नेमकी कुठे बसते ते पाहा. भाजलेल्या रुग्णाची किती त्वचा होरपळली हे झटकन काढायला डॉक्टर एक ठोकताळा वापरतात. त्यात धडाची मागची बाजू एकूण त्वचेच्या १८ टक्के धरतात. त्यातही पाठीचा मधला आणि खालचा भाग शरीरात सर्वाधिक घाम देणाऱ्या भागांपैकी आहे, हे शरीरभर घाम मोजणाऱ्या संशोधकांनी दाखवलं आहे. नेमक्या त्याच जागी आपण फोम आणि नायलॉनचा थर घट्ट बांधतो. आतली हवा क्षणात ओलीचिंब होते, बाष्पदाबातला फरक शून्यावर येतो आणि तिथला सगळा घाम फुकट वाहू लागतो. शिवाय ओझ्याचा भार कण्यातून सीटवर आणि तळहातांवर उतरतो. पहिल्या तासात कळत नाही; चौथ्या दिवशी बसवत नाही.

म्हणून मोठ्या सहलीचं सामान सायकलवर: कॅरिअरच्या दोन बाजूंना पॅनियर, चौकटीत फ्रेम बॅग, पुढे हँडलबार बॅग. हीच दूधवाल्याची पद्धत.

तरी पाठीवर काही घ्यायचंच असेल, तर ते पाणी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये मायकेल आयडसन नावाच्या तातडीच्या वैद्यकीय सेवेतल्या माणसाने १०० मैलांच्या रणरणत्या सायकल फेरीसाठी सलाइनची पिशवी पाण्याने भरली, ती लांब मोज्यात घालून जर्सीच्या पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून तोंडाशी आणली. पुढे त्यातूनच कॅमलबॅक हा ब्रँड उभा राहिला. कल्पना चोख होती: पाठीवर असलेलं हे एकच ओझं दर घोटाला हलकं होतं आणि घामाची भरपाईही करतं.

सॅक मोठी नको, १० ते १५ लिटरची पुरे, आणि भरून चार-पाच किलोंच्या आत. पाठीपासून जाळीने दूर राहणारी घ्या. जर्मनीच्या डॉयटर कंपनीने १९८४ मध्ये ताणलेल्या जाळीची पाठ आणली, ती सॅक आणि शर्ट यांच्यामध्ये वारा खेळता ठेवते. छातीचा पट्टा हवाच, नाहीतर उभं राहून पेडल मारताना सॅक डोलते. कमरेचा पट्टा वाकल्यावर पोटात रुतता कामा नये. दुकानात ताठ उभं राहून सॅक तपासू नका. हेल्मेट घाला, सॅकमध्ये वजन भरा, हँडल धरल्यासारखे वाका आणि मान वर करून समोर पाहा. हेल्मेट सॅकच्या टोकाला आपटलं, तर ती चालणाऱ्याची सॅक आहे, सायकलवाल्याची नव्हे.

एवढ्या छोट्या सॅकचा खरा मान सायकलवरून उतरल्यावर कळतो. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे; सायकल आणि पॅनियर किनाऱ्यावर ओळखीच्या घरी ठेवून होडीत चढायचं. लोकलच्या स्टेशनवर जिना चढताना दोन्ही हात सायकलला लागतात. तिथे पैसे, कागदपत्रं, फोन, पाणी आणि सुकेळी पाठीवर असलेली बरी. पायी चालण्याचं गणितही वेगळं आहे. चालताना शरीर दर पावलाला वरखाली होतं, सोबत ओझंही. तरीही १९८६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायका स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं जादा ऊर्जा न खर्चता नेताना आढळल्या. डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बायका आपल्या किनाऱ्यालाही नव्या नाहीत. चालणाऱ्याने ओझं अंगावर घेण्यात कसब आहे, आणि सायकलवाल्याने ते चाकांवर सोडण्यात. सॅक घेताना त्यामुळे एकच प्रश्न विचारा: यातली कुठली वस्तू मला सायकलवरून उतरल्यावरही लागणार आहे? तेवढीच पाठीवर, बाकी सगळं कॅरिअरवर.