लोणार सरोवर : खाऱ्या पाण्यावरील गोडे संकट

प्रदूषण म्हटले की काळवंडलेले, दुर्गंधीयुक्त पाणी डोळ्यांपुढे उभे राहते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी तर मुळातच खारट, उग्र वासाचे आणि पिण्यास सर्वथा अयोग्य आहे. तथापि हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. या पाण्याचा सामू १० च्या आसपास राहत आला आहे आणि अशा अल्कधर्मी पाण्यात तगणारी सूक्ष्म जीवसृष्टी हेच लोणारचे खरे धन होय. या ठिकाणी गोडे पाणीदेखील अपायकारक ठरू शकते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

उल्काघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोल आहे. उल्काघाताचे निर्णायक पुरावे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. विवराच्या काठावरून आणि धारेसारख्या झऱ्यांतून पाणी आत येते. परंतु बाहेर जाण्यास एकही ओढा नाही. पाणी केवळ बाष्परूपाने उडून जाते आणि त्यासोबत आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षांच्या या क्रियेतून सरोवराला त्याचा खारेपणा लाभला. ज्या रचनेने क्षार साठविले, तीच रचना आज साबण, खते व सांडपाणी यांतील द्रव्येही साठवीत आहे. नदी आपली घाण निदान पुढे वाहून नेते. लोणारला ती सोय नाही.

लोणार गाव विवराच्या अगदी काठाशी वसलेले आहे. गावाचे सांडपाणी उताराने सरोवराकडे वळते, हा जुना प्रश्न असून तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. झऱ्यांवर वर्षानुवर्षे स्नान व कपडे धुणे चालत आले. तीर्थस्नानाला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती साबणाला. धुण्याच्या चुऱ्यातील फॉस्फेट आणि सांडपाण्यातील नत्र ही शेवाळाची खाद्येच होत. शेवाळ माजून कुजले म्हणजे पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. त्याबरोबर येणारे जादा गोडे पाणी क्षारांचे प्रमाण उतरविते आणि खाऱ्या पाण्यातील जीवांचा आधारच काढून घेते.

काठच्या जमिनीची कथा वेगळी नाही. पूर्वी विवराच्या आत केळी, मका यांसारखी पिके घेतली जात. त्यांना दिलेली खते व कीटकनाशके पहिल्या पावसातच खाली उतरत. पाण्यालगतच्या क्षारयुक्त पट्ट्यात मोजक्याच वनस्पती तग धरतात. तेथे वेड्या बाभळीने मात्र चांगलाच जम बसविला. तिच्या शेंगा गुरे व शेळ्या आवडीने खातात आणि शेणा-लेंड्यांतून बी सर्वत्र पसरते. ती नुसती तोडून भागत नाही, बुंध्यापासून पुन्हा फुटते. मुळासकट काढून त्या जागी स्थानिक झाडे लावावी लागतात. हे काम कष्टाचे व दीर्घकाळाचे आहे.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा प्रदूषणाचीच शंका अनेकांनी घेतली. पाणी आटून खारेपणा वाढल्याने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी हा रंग आणला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळून आले. म्हणजे लोकांना भयभीत करणारा तो रंग सरोवराच्या मूळ प्रकृतीला धरूनच होता; आणि झऱ्यावरचा नित्याचा फेस कोणाच्याच डोळ्यांत भरत नव्हता! त्याच वर्षी लोणारचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. नांदूर मध्यमेश्वरनंतरचे हे राज्यातील दुसरे स्थळ.

अभयारण्याच्या सीमेत वनविभाग काम करतो. परंतु पाणी जेथून येते ती शेते, गटारे आणि वस्त्या सीमेबाहेर आहेत. तेथील अधिकार नगरपरिषदेकडे व परिसरातील ग्रामपंचायतींकडे आहेत. सांडपाणी शुद्ध करून ते सरोवराऐवजी अन्यत्र वापरणे, बांधबंदिस्तीने शेतातील माती व खत शेतातच अडविणे आणि कमळजादेवीच्या यात्रेतील कचरा त्याच दिवशी वर आणणे, ही कामे त्यांच्या कक्षेतील आहेत. शाळांना पावसाळ्यापूर्वी व नंतर झऱ्याच्या पाण्याचा सामू तपासून नोंदवही ठेवता येईल. सामूदर्शक कागदाला खर्च फारसा नाही, आणि सलग पाच-सात वर्षांची अशी नोंद तज्ज्ञांच्याही उपयोगी पडेल.