गोलरक्षक आणि खाणमालक

गुणी खेळाडूची कारकीर्द केवळ त्याच्या गुणांवर उभी राहते, असा आपल्याकडे समज आहे. ती कोणाच्या तरी ताळेबंदावरही उभी असते, असे म्हटले की क्रीडारसिकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ब्रह्मानंद शंखवाळकर यांची कारकीर्द या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

१९५४ मध्ये गोव्यातील ताळगावी जन्मलेल्या या गोलरक्षकाच्या खेळाचा बहुतेक काळ साळगावकर संघात गेला. १९८३ मध्ये गोव्याने संतोष करंडक बंगालसह संयुक्तपणे जिंकला आणि १९८४ मध्ये तो एकट्याने पटकावला, तो याच पिढीच्या बळावर. १९८३ ते १९८६ या काळात शंखवाळकर भारताचे कर्णधार होते. अर्जुन पुरस्कार मात्र मिळाला १९९७ मध्ये, मैदान सोडल्यानंतर. आणि पद्मश्री २०२२ मध्ये. (गोलरक्षकाची आठवण उशिरा होते, हा कदाचित त्या जागेचाच दोष असावा!)

साळगावकर हे घराणे खाणमालकांचे. गोव्याचे लोहखनिज जपानच्या भट्ट्यांनी घ्यावे आणि त्या मिळकतीचा एक अंश फुटबॉलच्या संघावर खर्च व्हावा, अशी ही व्यवस्था होती. तिने उत्तम खेळाडू घडविले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु तिचा पाया खेळाच्या उत्पन्नावर नव्हता. २०१०-११ ची आय-लीग जिंकणाऱ्या साळगावकर संघाच्या गोव्यात पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, खाणकाम बंद झाले. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. कारण सांगितले गेले ते महासंघाच्या फेररचनेचे, आणि ते खोटे नव्हे. धेंपोंनी तर आपल्या खाणी २००९ मध्येच विकल्या होत्या. तथापि ज्या घरात खेळाचा खर्च खेळातून निघत नाही, तेथे बाहेर पडण्यास एक निमित्त पुरते.

यवतमाळकरांना हे परके वाटू नये. विदर्भाच्या कापसावर मुंबईच्या गिरण्या चालत, आणि मफतलालसारख्या समूहाचा फुटबॉल संघ त्या शहरात नावाजलेला होता. तो गेला. राष्ट्रीय लीगचे २००५-०६ चे विजेतेपद मिळविणारा महिंद्र युनायटेड संघही २०१० मध्ये विसर्जित झाला.

इंग्लंडमध्येही १९६१ पर्यंत खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. स्टॅन्ली मॅथ्यूजसारख्या असामान्य खेळाडूची उमेदीची वर्षे अशाच मर्यादेखाली गेली. ती उठली मालकांच्या औदार्याने नव्हे. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली, तेव्हा. लवकरच फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवू लागला. आपल्याकडे खेळाडूंची संघटना २००६ मध्ये स्थापन झाली, आणि अजूनही आपला खेळाडू वाटाघाटी करण्यापेक्षा आभार मानण्यातच अधिक तरबेज आहे.

महाराष्ट्र शासनाने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या, हे चांगलेच झाले. परंतु त्या जागा पदकाच्या प्रमाणपत्रावर मिळतात. पुसद किंवा वणीचा एखादा मुलगा ते प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी सात-आठ वर्षे धावत असतो. त्या वर्षांतील बूट, दूध, बसभाडे आणि मोडलेला पाय यांचा खर्च आज एकट्या त्याच्या बापाच्या खात्यावर पडतो. आणि ते खाते कापसाच्या भावावर चालते.