एका मृत्यूची नोंद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमचे आजोबा कधी वारले, असे आमच्या घरात विचारले तर उत्तर येते, ‘भाताची लावणी चालली होती आणि व्हाळाला पाणी आले होते.’ साल कुणालाच सांगता येत नाही. कोकणातल्या आमच्या गावच्या कबरस्तानात त्यांची कबर होती. साधी मातीची. चार पावसाळ्यांत ती जमिनीला मिळाली. वडील होते तोवर करवंदीच्या एका जाळीजवळ उभे राहून फातिहा पढायचे. ते गेले आणि ती खूणही गेली.

हे सारे मला आठवले ते नॉर्वेत. माझी पुतणी लग्न होऊन तिथल्या बर्गन शहरात राहते. तिच्याकडे गेलो होतो. तिच्या सासूबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, ‘माझ्या आजीचे आजोबा समुद्रात बुडाले असे घरात सांगतात. पण कोणत्या साली, कोणत्या बोटीवरून, हे कुणी सांगत नाही. मी जाण्याआधी ते कळायला हवे.’ पुतणी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘चाचा, बसायचं का शोधायला?’ पुढचे पंधरा दिवस आम्ही तिघे संगणकासमोर बसलो आणि एक देश आपल्या मेलेल्या माणसांचा हिशेब कसा ठेवतो, ते मी पाहिले.

नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराचे ‘डिगिटालआर्किवेट’ नावाचे संकेतस्थळ १९९८ पासून आहे. जुनी कागदपत्रे तिथे कुणालाही फुकट पाहता येतात. त्यांत सर्वांत मोलाची म्हणजे चर्चची दप्तरे. १६८० च्या दशकात राजाज्ञा झाली, की प्रत्येक पाद्र्याने आपल्या परगण्यातले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने वहीत लिहावीत. पुढे १८१२ च्या हुकुमाने छापील रकाने ठरले. शिवाय पाद्र्याच्या वहीची दुसरी प्रत चर्चच्या सेवकाने ठेवायची आणि या दोन वह्या रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, असा दंडक पडला. घरे लाकडाची, आग लागली तर एक तरी वही वाचावी, हा हेतू. माणसाने आपल्या पूर्वजांसाठी केलेली याहून साधी आणि शहाणी तरतूद मी पाहिलेली नाही.

पण वही आहे म्हणून माणूस सापडतोच असे नाही. पहिली अडचण नावाची. त्या काळी खेड्यात कायमचे आडनाव नसे. लार्सचा मुलगा ओले, म्हणून ओले लार्सेन. या ओलेच्या मुलाचे नाव लार्स ओलसेन आणि मुलीच्या नावापुढे ओल्सदात्तर, म्हणजे ओलेची मुलगी. एका परगण्यात असे दहा ओले लार्सेन निघत. म्हणून शेवटी राहत्या वाडीचे नाव जोडत. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावून आडनाव होते, तसेच वाटेल. फरक इतकाच, की आपले आडनाव गाव सोडले तरी संगत सोडत नाही. तिथे माणूस दुसऱ्या वाडीत कुळ म्हणून गेला, की नावाचे शेपूटही बदले. प्रत्येक कुटुंबाला एक कायम आडनाव हवे, हा कायदा १९२३ चा. दुसरी अडचण अक्षराची. जुन्या वह्या गोथिक वळणात लिहिलेल्या. आजच्या नॉर्वेकराला ते अक्षर आपल्याला मोडी वाटते तसेच. सासूबाई भिंग लावून वाचत, एकेक ओळ.

सुन्फ्योर्ड या किनारी भागातल्या त्यांच्या परगण्याची दफनाची पाने आम्ही वर्षामागून वर्ष पाहिली. समुद्रात बुडालेल्यांच्या नोंदी तिथे होत्या, पण आमचा माणूस नव्हता. मग जनगणनेकडे वळलो. नॉर्वेत १८०१ साली आणि पुढे १८६५ पासून नावानिशी झालेल्या जनगणना उपलब्ध आहेत. शंभर वर्षे त्या बंद असतात. त्यामुळे १९२० ची जनगणना २०२० च्या डिसेंबरात खुली झाली. १८६५ च्या यादीत त्यांच्या वाडीवर बायको होती, तीन मुले होती. नवरा नव्हता. पण बायकोच्या नावापुढे ‘विवाहित’ असेच लिहिले होते. १८७५ च्या यादीत तीच बाई ‘विधवा’ झालेली. म्हणजे १८६५ च्या अखेरीस नवरा जिवंत होता, पण घरात नव्हता. आणि पुढच्या दहा वर्षांत तो वारला.

मग तो होता कुठे? १८६५ च्या जनगणनेत प्रत्येकाचा जन्मपरगणाही लिहिलेला असतो. पुतणीने तो परगणा, वय आणि नाव घालून साऱ्या जिल्ह्यांत शोध घेतला. उत्तर आले ते बर्गन शहरातून. आम्ही बसलो होतो त्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणाहून. पत्ता होता सांक्त यॉर्गन रुग्णालयाचा. सासूबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्या शहरात वाढलेल्या माणसाला त्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. ते कुष्ठरोग्यांचे रुग्णालय.

महारोग म्हटले, की तो आपल्याकडचाच, अशी आपली समजूत. पण एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा रोग हजारोंना होता. सांक्त यॉर्गन रुग्णालयाचा उल्लेख १४११ पासून मिळतो. तिथले शेवटचे दोन रुग्ण १९४६ साली वारले. आज तिथे संग्रहालय आहे. १८५६ साली सरकारने कुष्ठरोग्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. एकाच रोगाची, साऱ्या देशाची, नावनिशीवार अशी जगातली ही पहिली नोंद मानतात. गावोगावचे डॉक्टर माहिती पाठवीत: नाव, वाडी, वय, नात्यात आणखी कुणाला रोग आहे का, रुग्णालयात कधी गेला, कधी वारला. आठ हजारांहून अधिक माणसे तिच्यात आहेत. हा रोग आनुवंशिक, असे तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानीत. याच शहरात १८७३ साली गेरहार्ड आर्मावर हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला आणि रोग रक्तातून वारशाने येत नाही, हे पुढे जगाला मान्य करावे लागले. बर्गनची ही सारी दप्तरे २००१ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात गेली.

आता घरातले गूढ उकलले. रोग वंशाचा मानला, की मुलींची लग्ने कशी व्हायची? म्हणून जिवंत माणसाला घरच्यांनी समुद्रात बुडवले. आपल्याकडेही घरातून काढून दिलेल्यांसाठी वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांना आनंदवन उभारावे लागले, हे आपण विसरू नये.

सांक्त यॉर्गनचा पाद्री आपली स्वतंत्र वही ठेवीत असे. म्हणूनच गावच्या वहीत आम्हाला मृत्यू सापडला नव्हता. त्या वहीत १८६६ पासून पाने उलटत गेलो आणि तिसऱ्या वर्षी नोंद मिळाली. मृत्यूचा दिवस, दफनाचा दिवस, नाव, वय, जन्मपरगणा. कुष्ठरोग्यांच्या नोंदवहीतली तारीखही तीच होती आणि तिथे वाडीचे नाव जुळले, तेव्हा शंका उरली नाही. अशा शोधात एका नोंदीवर विसंबू नये. दुसऱ्या हाताने लिहिलेली साक्ष मिळेपर्यंत थांबावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही संग्रहालयात गेलो. लाकडी सभागृह, दोन्ही बाजूंना छोट्या खोल्या. सासूबाई एका दारात उभ्या राहिल्या आणि नॉर्वेजियन भाषेत काही पुटपुटल्या. पुतणीने मला हळूच सांगितले, ‘त्या म्हणतायत, बायको विवाहित अशीच नोंद करून देत होती. तिने त्याला बुडवलं नव्हतं.’ मला हे सुचले नव्हते. जनगणनेच्या माणसाने विचारले असेल, तेव्हा त्या बाईने नवरा आहे, असेच सांगितले असणार. घराने सांगितलेले खोटे एका रकान्यातल्या एका अक्षराने दीडशे वर्षांनी पुसले.

गावी परतल्यावर मी ग्रामपंचायतीत गेलो. मृत्यूच्या जुन्या नोंदीची वही मागितली. आमचे आजोबा त्यात सापडले नाहीत. मग घरी येऊन एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर आजोबांचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले, ‘भाताची लावणी चालली होती, व्हाळाला पाणी आले होते. कबर करवंदीच्या जाळीजवळ.’ खाली वडिलांची नेमकी तारीख लिहिली. त्या वहीची एक प्रत पुतणीकडे बर्गनला पाठवली आहे. दोन वह्या एका छपराखाली असू नयेत.