समुद्र नाही, पण लाट आहे



समुद्राच्या लाटांचे फोटो काढायचा छंद असलेली माणसं कोकणात पहाटेच किनाऱ्यावर जाऊन बसतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात समुद्र कुठला? पण पाणी काय कमी आहे? नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह आणि गावोगावचे मामा तलाव, बोड्या. आमच्या गटातल्या आम्ही काही जणी आपल्या गावच्या तलावाचे फोटो काढतो. आज त्याबद्दलच सांगतो.

आधी लाटेचं समजून घेऊ. तलावात लाट उठते ती वाऱ्यानं. समुद्राच्या लाटाही बहुतेक वाऱ्याच्याच. चंद्राच्या ओढीनं होते ती भरती-ओहोटी. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांब वाहतो, तितकी लाट मोठी. म्हणून बोडीत नुसत्या सुरकुत्या पडतात आणि मोठ्या धरणाच्या पाळीवर पाणी दगडांवर आपटतं. वारा पाण्यावरून आपल्या तोंडावर येईल त्या काठाला थांबायचं. लाट तिथंच येते.

वेळ सकाळची नाहीतर दिवस कलतानाची. तिरप्या उन्हात लाटेची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत राहते, म्हणून लाट उठून दिसते. दुपारी सगळं पाणी सपाट दिसतं.

साधा मोबाइल पुरतो. कॅमेऱ्याची काच पदरानं पुसा. फ्लॅश बंद ठेवा. खाली बसून फोन पाण्याजवळ आणला की वीतभर लाटही मोठी वाटते. पलीकडच्या काठाची रेघ सरळ ठेवा. फोटो पांढराफटक दिसत असेल तर पडद्यावर उजळ पाण्याच्या जागी बोट टेकवा. लाट आपटायच्या थोडं आधीच बटन दाबा. दहा काढा, एक ठेवा.

सुरुवातीला गावात हसले. "पाण्याचा कायचा फोटो काढता?" घरीही विचारणा झाली. शिवाय फोन आपला कुठं असतो? मुलाचा नाहीतर नवऱ्याचा. मग आम्ही ठरवलं: गटाच्या मासिक बैठकीच्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास आधी निघायचं आणि एकाच फोनवर पाळीपाळीनं काढायचं. तो अर्धा तास घरचा नाही, गटाचा नाही, आपला.

एक नियमही केला. दर महिन्याला एक फोटो पाळीवरच्या त्याच झाडाखालून, त्याच दिशेला. वर्षाचे बारा फोटो ओळीनं पाहिले आणि आम्ही गप्पच झालो. बेशरमाची झुडपं काठापासून केवढी आत सरकली होती! रोज धुणं धुवायला जाऊनही ते दिसलं नव्हतं. आम्ही ते फोटो ग्रामसभेत दाखवले. नुसतं बोललो असतो तर "बायका म्हणतात" एवढंच झालं असतं. फोटोसोबत तारीख होती. बेशरम अजून सगळी निघाली नाही, पण तलाव कामाच्या यादीत आला.

हे तलाव कोहळी लोकांनी आणि मालगुजारांनी धानाच्या पाण्यासाठी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, म्हणून ते 'माजी मालगुजारी', थोडक्यात मामा तलाव. मालगुजार गेले, पण त्या पाण्यावर आजही आपलं धान, मासोळी आणि शिंगाडा आहे. मग लक्ष कोणी ठेवायचं?

काही गोष्टी जपा. एकटीनं जाऊ नका. शेवाळलेल्या दगडावर आणि पावसाळ्यात सांडव्यावर पाय ठेवू नका. आंघोळीच्या घाटाकडे फोन वळवू नका. सारसाची जोडी दिसली तर लांबूनच बघा. पावसाळ्यात त्यांचं घरटं असतं, फोटोसाठी त्याच्याजवळ जाऊ नका.

पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी निघा. पहिला फोटो वाकडा आला तरी ठेवा. पुढच्या वर्षी तोच कामी येईल.